गौसभाईंचं फडकं

जेवणानंतरची झापड जोतिराम पोवारला कधी टळलेली नाही. उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजचं शटर अर्धं ओढून तो खुर्चीत मागे रेलतो, तेव्हा पुढ्यात गौसभाईंचा मायक्रोमीटर आहे आणि मन खट्टू झालेलं आहे.

गौसभाई म्हणजे इंजिनकामातले त्याचे उस्ताद. गेल्या उन्हाळ्यात गेले. भाभींनी आता त्यांची हत्यारं विकायला काढलीत. पिस्टन मोजायचा हा मोठा मायक्रोमीटर जोतिरामने सकाळी बोलीवर आणला: तपासून बघतो, बरोबर असला तर ठेवतो, नाहीतर भंगारवाला यायच्या आत परत करतो. मापाचं जुनं हत्यार असंच घ्यायचं असतं, मग ते ओळखीतलं का असेना. आणि तपासायला गेला तर चुकतंय. पेटीतली ठरल्या मापाची कांडी त्याने पुन्हा पुन्हा लावून पाहिली, दर वेळी एक रेघ कमी. आता भाभींना काय सांगायचं, तुमचा नवरा जन्मभर चुकीचं मोजत होता? हे काही त्याच्या तोंडून निघायचं नाही.

डोळे मिटतात. शटर वाजत नाही, तरी गौसभाई आत आलेले असतात. ते मेलेत हे जोतिरामला पक्कं ठाऊक आहे आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. चहा सांगू का, एवढंच तो विचारतो. गौसभाई मानेनेच नको म्हणतात आणि टेबलाखाली वाकून काहीतरी शोधू लागतात.

"माझं फडकं कुठं हाय, जोत्या?"

जोतिरामला आठवतं. पेटी उघडली तेव्हा वरच बनियनचा एक तेलकट तुकडा होता. तो त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकला.

गौसभाई शोधत पुढे जातात, हा मागे मागे. गॅरेज कधीच संपलंय, हा दवाखान्याचा वॉर्ड आहे, गौसभाई शेवटी होते तोच. खाटांवर इंजिनं निजलीत, पांढऱ्या चादरी ओढून. नर्स सांगते, हळू बोला. गौसभाई एकेक चादर उचलून खाली बघतात आणि पुन्हा नीट पांघरतात.

"मायक्रोमीटर चुकतोय तुमचा," जोतिराम शेवटी बोलून टाकतो.

"धरलास कसा?"

जोतिराम मायक्रोमीटरची लोखंडी कमान मुठीत आवळून दाखवतो. गौसभाई हसतात. कमानीवरची प्लास्टिकची पट्टी मागेच निघून पडली, ते सांगतात. उघड्या लोखंडाला हाताची ऊब लागली की ते फुगतं आणि माप कमी दाखवतं, म्हणून फडक्याने धरायचं. त्या फडक्याला सगळं गॅरेज हसायचं, जोतिरामसुद्धा.

मग ते स्वतः मायक्रोमीटर घेतात, उघड्या हातात, आणि सावकाश कांडी लावतात. रेघ रेघेला मिळते.

"मला आता फडकं लागत न्हाई. कितीबी वेळ धरला तरी चालतंय."

"मग शोधताय कशाला?"

"तुझा हात गरम हाय की अजून."

जोतिरामला भरून येतं. तो त्यांचा हात धरायला जातो, पण भेटायची वेळ संपली म्हणून नर्स दार लावून घेते.

रस्त्यावरच्या हॉर्नने त्याला जाग येते. अर्ध्या शटरखालून ऊन आत आलंय. कचऱ्याचा डबा दाराशी आहे, झाकण लावलेला. झोपेत आपण उठलो होतो की काय, त्याला आठवत नाही. पण मायक्रोमीटरच्या कमानीला तो तेलकट तुकडा गुंडाळलाय, टोक आत खोचून, गौसभाई खोचायचे तसं.

जोतिराम फडक्यानेच कमान धरतो आणि कांडी लावतो. रेघ मिळते. तो भाभींना फोन करतो.

"भाभी, ठेवून घेतो मी. भाईंचं माप बरोबर हाय."

 भाभी विचारतात, पेटीत फडकं होतं का, त्याशिवाय ते मायक्रोमीटरला हात लावायचे नाहीत.

"हाय," जोतिराम म्हणतो. "हातातच हाय."