वटारच्या वळणावर मी मागितलेलं मागणं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग सांगते. मध्येच हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. माझ्या हातून असा वेडेपणा झालाय, की अजूनही कोणी वटारचं नाव काढलं की मी उठून गॅस बंद आहे का ते बघायला जाते!

माझी धाकटी जाऊ, प्रीती, मला आवडते. खरंच आवडते. फक्त तिचं चांगलं झालेलं मला बघवत नाही. एवढंच.

आम्ही विरारला चंदनसारला राहतो, ती वसईत गोखिवऱ्याला. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाल कुठले आणि पावटे कुठले हेही कळत नव्हतं. वालाचं बिरडं तिला मी शिकवलं. वाल कोमट पाण्यात घेऊन कसे सोलायचे, शिजताना त्यात डाव अजिबात घालायचा नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, म्हणजे डाळिंबी मोडत नाही. सगळं माझं. माझ्या आईचं, मग माझं.

एके दिवशी मी भेंडी चिरत बसले होते आणि मोबाईलवर प्रीती आली. लिपस्टिक लावून. "मैत्रिणींनो, आज दाखवते माझी खास पद्धत! डाव घालायचाच नाही हं!"

माझी खास पद्धत! तुम्हीच सांगा, भेंडीबरोबर बोट कापलं जाणार नाही तर काय होणार?

तो व्हिडिओ इतका चालला म्हणता, की आमच्या भाजीवालीने मला विचारलं, "ताई, तुम्हाला येतं का तसं बिरडं?"

मग मीही व्हिडिओ करायचा ठरवला. आमच्या यांनी मोबाईल धरला. यांच्या अंगठ्याचा व्हिडिओ फार सुरेख आला. त्याच्या मागे कुठेतरी बिरडं होतं. तो कोणी बघितला? माझ्या बहिणीने अर्धा. यांनी, समोर बसवून दाखवला म्हणून. बाकी सगळ्या वेळा मीच.

हेही मी गिळलं असतं. पण आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला पाककलेची स्पर्धा ठेवली, आणि परीक्षक म्हणून कोणाला बोलावलं? सेक्रेटरीणबाई माझ्याकडेच आल्या. "त्या बिरडंवाल्या तुमच्या जाऊबाई ना? नंबर द्या ना प्लीज."

मी दिला. हसत दिला. दात किती दुखले ते माझं मला ठाऊक.

स्पर्धेत मी बिरडंच ठेवलं. म्हटलं, बघूया आता. प्रीतीने चमचाभर तोंडात घातलं, डोळे मिटले, मान डोलावली आणि मला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. उत्तेजनार्थ! माझ्याच बिरड्याला! वर कानाशी येऊन म्हणते, "वहिनी, मीठ जरा कमी वाटलं हं. पण प्रयत्न छान."

प्रयत्न छान!

त्या रात्री मला झोप कुठली लागायला? मोबाईल चाळत पडले होते, तर आमच्या बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर कोणीतरी एक व्हिडिओ टाकला होता. घोगऱ्या आवाजातला एक माणूस सांगत होता, की अमावास्येच्या रात्री गाडीवरून एकट्याने निघायचं. गावाबाहेरचा, झाडीतला रस्ता धरायचा. शेवटचा दिवा मागे पडला की पुढच्या पहिल्या वळणावर थांबायचं. अंगावर पांढरं वस्त्र हवं, केस मोकळे हवेत. गाडीचा दिवा तीन वेळा बंद-चालू करायचा आणि मनातली इच्छा मोठ्याने बोलून दाखवायची. ती पूर्ण होतेच. पण मागे वळून बघायचं नाही. आणि तिथे कोणी "तू कोण?" असं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं की संपलात!

मी म्हटलं, काहीतरीच. मग पुन्हा बघितला. मग कॅलेंडर काढून अमावास्या कधी आहे ते पाहिलं. सहज आपलं.

आता मी पडले भित्री. भर मध्यरात्री जायची माझी छाती नाही. मग मी एक तोड काढली. पहाट व्हायच्या जरा आधी जायचं. अंधार असतो म्हणजे रात्रच झाली, आणि सगळे गाढ झोपलेले असतात. कोणी बघायला नको! रस्ताही वटार गावाचाच निवडला, कारण तिथल्या बागायती वाड्या, केळी, नारळ, विहिरी, सगळं कसं सामसूम.

किती हुशार ना मी?

अमावास्येच्या त्या पहाटे स्कूटरची किल्ली उचलली तेवढ्यात हे कुशीवर वळले.

"कुठे निघालीस?"

"फिरायला."

"स्कूटरवरून?"

"फिरायच्या जागेपर्यंत!"

"बरं," म्हणून हे पुन्हा घोरायला लागले. पंचवीस वर्षांचा संसार म्हणतात तो हाच.

पांढरं म्हणून माझ्याकडे एक जुना गाऊन होता, त्यावर यांचं पूजेचं पांढरं उपरणं घेतलं. हेल्मेट मात्र घातलं. भुतांचे नियम भुतांपाशी, पण हेल्मेट म्हणजे हेल्मेट. रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला आले, वस्ती मागे पडली, शेवटचा दिवा गेला. वळणावर थांबून स्कूटर स्टँडवर लावली, दिव्यापुढे जाऊन उभी राहिले. हेल्मेट काढलं, अंबाडा सोडला. परत येऊन दिवा तीनदा बंद-चालू केला, पुन्हा पुढे जाऊन उभी राहिले.

आणि मला काही सुचेना. समोर कोण आहे ते माहीत नाही, मग बोलायचं कसं? शेवटी हात जोडले. "नमस्कार. तुम्हाला अशा अवेळी त्रास देतेय. माझी एक जाऊ आहे. तिचं वाईट व्हावं असं मुळीच नाही हं. तिलाही बघू देत लोक. पण माझा व्हिडिओ तिच्यापेक्षा जरा जास्त बघितला जाऊ दे. थोडाच जास्त. प्लीज."

बिरडं हा शब्द उच्चारायचा राहिला, हे मला तेव्हा कळलं नाही.

बोलून डोळे उघडले, आणि बघते तर काय! डावीकडच्या वाडीत दिवे तरंगत होते. नुसते दिवे. खाली माणूस नाही, काही नाही. एक वर जायचा, एक खाली वाकायचा, एक झुडपामागे जायचा आणि पुन्हा निघायचा. मागे बघायचं नाही असं सांगितलं होतं, डावीकडचं कोणीच बोललं नव्हतं!

त्यातला एक दिवा माझ्याकडे यायला लागला. आणि दिव्यातून बाईचा आवाज आला, "कोन हाय गो ती?"

झालं! विचारलंच! मी तोंड गच्च मिटलं.

"बाय, कोन तू? बोलत का नाय?"

नाही म्हणून मी जोरात मान हलवली. केस तोंडावर आले, ते बाजूला करायला दोन्ही हात वर केले. उपरणं वाऱ्याने फडफडलं.

"अगो आयो!" दिवा किंचाळला. "धाव गो, धाव! मान फिरवते ती!"

आणि सगळे दिवे धडाधड वाडीत आत पळाले! टोपल्या पडल्याचे आवाज, कोणीतरी देवाचा धावा करतंय, कोणीतरी विहिरीपाशी आपटलं.

आता माझी अवस्था ओळखा. भुतंच घाबरून पळाली! म्हणजे माझ्या मागे त्यांच्याहूनही मोठं काहीतरी उभं असणार! आणि मागे तर बघायचं नाही!

स्कूटर कशी सुरू केली मला आठवत नाही. उलट फिरवली आणि थेट चंदनसार. घरी येऊन देवाला दिवा लावला, उपरणं घडी करून ठेवलं आणि यांना चहा दिला. चहात मीठ घातलं होतं म्हणे. हे काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं, स्पर्धेचं अजून मनात आहे.

दोन दिवस शांततेत गेले. मग ग्रुपवर व्हिडिओ आला. 'वटारची पांढरी बाई'.

मोबाईल थरथरत धरलेला. दुरून घेतलेला. मागे गाडीचा झगझगीत दिवा आणि पुढे एक पांढरी बाई, मोकळ्या केसांची, मान गरागरा फिरवणारी, हात आभाळाकडे नेणारी, आणि शेवटी गाडी वळवून निघून जाणारी. खाली लिहिलं होतं, पहाटे मोगरा तोडायला गेलेल्या बायकांना ही दिसली. कपाळाला बॅटरी बांधून या बायका अंधारातच कळ्या तोडतात, उजाडायच्या आत माल बाजारात निघायला हवा म्हणून.

म्हणजे अख्खं वटार ज्या वेळी कामाला लागलेलं असतं, नेमकी ती वेळ मी शोधून काढली होती!

बघता बघता तो व्हिडिओ सगळीकडे पोचला. माझ्या बहिणीने, जिने बिरडं अर्ध्यात सोडलं होतं, तिने हा मला तीनदा पाठवला. भाजीवालीने दाखवला. लिफ्टमध्ये सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "नजर काय हो भयंकर तिची!"

"भयंकर कशाला? साधीच तर वाटते," मी म्हटलं.

खरं सांगू? मला त्या बाईचा हेवा वाटायला लागला. रात्री हळूच जाऊन बघितलं. प्रीतीच्या बिरड्याला तिने केव्हाच मागे टाकलं होतं. इच्छा पूर्ण झाली होती, आणि मला कोणालाही सांगता येत नव्हतं!

तेवढ्यात हे शेजारी येऊन बसले. चष्मा लावून व्हिडिओ बघितला. पुन्हा बघितला.

"अगं, हे भूत इंडिकेटर देतंय."

मी मोबाईल ओढून घ्यायला गेले.

"इंडिकेटर देऊन वर हातही दाखवतंय. रस्त्यावर चिटपाखरू नसताना." चष्मा खाली आला. "असं करणारी अख्ख्या वसई-विरारमध्ये एकच बाई आहे."

"अहो, वळताना मागच्याला कळायला नको का?"

"मागे कोण होतं?"

"तेच तर मला बघायचं नव्हतं!"

हे इतके हसले, इतके हसले, की खालच्या मजल्यावरून काय झालं म्हणून विचारायला आले.

मला मात्र त्या बायकांचं वाईट वाटत होतं. बिचाऱ्यांचा मोगरा सांडला. म्हणून एकदा दिवसाउजेडी पेढे घेऊन वटारला गेले. मोगऱ्याच्या वाडीतल्या एका मावशीला म्हटलं, "मावशी, माफ करा. ती बाई मी होते."

मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? नाय गो बाय. ती केवढी उंच होती! आन पाय उलटे."

"अहो, मीच! हे बघा, स्कूटरसुद्धा हीच!"

"नाय नाय. ती रुबाबदार होती." आणि पेढा तोंडात टाकून मावशी समजूत घालायला लागली, "असू दे. पानी पी. घाबरलीस वाटतं तूपन तिला."

म्हणजे भूत म्हणूनसुद्धा मी कमीच पडले!

घरी आले तर प्रीतीचा फोन. "वहिनी, एक विचारू? तो इंडिकेटर... तुम्हीच ना?"

मला खोटं बोलता येत नाही. भडाभडा सगळं सांगितलं. बिरडं, 'माझी खास पद्धत', उत्तेजनार्थ, मीठ, अमावास्या. मला वाटलं, तुटलं नातं.

मग हळूच आवाज आला. "वहिनी, ते 'माझी पद्धत' मी चुकून बोलले हो. कॅमेरा सुरू झाला की काय बोलतेय तेच कळत नाही. आणि स्पर्धेत तुम्हाला पहिलं दिलं असतं तर सगळे म्हणाले असते, जावेला दिलं. फार भीती वाटली मला." नाक ओढल्याचा आवाज. "या ना रविवारी. आपण दोघी मिळून बिरडं करू. सगळ्यांना सांगते, हे माझ्या वहिनींचं आहे म्हणून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं या मुलीवर जळण्यात किती तेल फुकट घालवलं!

रविवारी गोखिवऱ्याला गेले. ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसले, पावडर जरा जास्त लावली, केस धुतले होते ते वाळायला मोकळे सोडले. कॅमेरा सुरू झाला आणि प्रीती गोड हसून म्हणाली, "मैत्रिणींनो, ही पद्धत माझी नाही, माझ्या मोठ्या जाऊबाईंची आहे!"

आणि मला तोंडच उघडेना! ती पातेलं हलवत होती, बोलत होती, आणि मी तिच्या मागे ताठ उभी, डोळे विस्फारून. शेवटपर्यंत एक अक्षर नाही.

संध्याकाळी तिचा आनंदाने ओरडतच फोन आला. "वहिनी! मागच्या बिरड्यापेक्षा जास्त चाललाय! आणि कमेंटमध्ये सगळे तुमच्याबद्दलच विचारतायत!"

मी हरखून यांना हाक मारली, फोन स्पीकरवर टाकला. "काय गं, काय विचारतायत? वाच ना!"

तिने वाचलं, "'ताई, बिरडं मस्त. पण तुमच्या मागे ती बाई उभी आहे, ती तुम्हाला दिसतेय ना?'"