भिंतीपलीकडची टकटक

शमीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा नळ आलेले होते. पाइप ड्रममध्ये तसाच सोडून मी ऐकत राहिले आणि पाणी अंगणभर वाहिलं. आपा असत्या तर आधी त्यावरूनच बोलल्या असत्या.

आमची भिंत एकच. पाणी आठवड्याने यायचं, कधी त्याहून उशिरा, आणि वेळेचा भरवसा नाही. चाहूल आधी आपांनाच लागायची. त्या आपल्या रिकाम्या निळ्या ड्रमवर बोटं वाजवायच्या, की हातातलं टाकून मी नळाकडे पळायचे. नवं पाणी आलं की गल्लीत सगळ्या शिळं ओतून, ड्रम घासून भरायच्या. आपा मात्र शिळं पाणी मागच्या ड्रममध्ये साठवायच्या, वर जुनी ओढणी बांधायच्या. पावसाळा सरता सरता गल्लीत ताप सुरू झाला. तपासणीला आलेल्या बाईने बॅटरी मारून ड्रममध्ये पाहिलं. "आपा, अळ्या झाल्यात. ओतून द्या."

"ओतते की. नळ पुन्हा कवा येतील, तेवढं सांगून जा."

बाई हसली. वहीत काहीतरी खरडून पुढच्या दाराकडे वळली.

मग आपांनाच डेंग्यू झाला. पेशी उतरत गेल्या आणि दवाखान्यातून त्या परत आल्याच नाहीत. मागचा ड्रम तसाच भरलेला राहिला. माझी सून पोटुशी, आणि भिंतीपलीकडे ते पाणी. मी सरळ जाऊन त्यांच्या नवऱ्याला, करीमचाचांना म्हटलं, "चाचा, ड्रम उपडा करायचाय."

"रहने दे ना, बेटी. उनेच भरी सो पानी है."

"सून पोटुशी आहे, चाचा."

 मग उठून त्यांनीच ओढणी सोडली, घडी घालून खांद्यावर टाकली. "नाली में नक्को. मेंदी कू डाल."

आपांनी लावलेल्या मेंदीच्या बुडाशी आम्ही दोघांनी ड्रम कलंडवला. पाणी मुरलं, अळ्या मातीवर वळवळत राहिल्या. चाचा वाकून बघत होते. "इत्ते से गई उने?" एवढंच म्हणाले.

सुनेला अजून तरी ताप नाही. चाचा लेकीकडे, बिडकीनला गेलेत. घराला कुलूप आहे, ड्रम अंगणात उपडा पडलाय. दुपारी ऊन चढलं की भिंतीपलीकडून आवाज येतो. टक... टक. प्लास्टिक तापलं की तसं होतं, हे मला कळतं. तरी हातातलं टाकून मी उठते, नळ सोडून बघते.

कोरडा असतो.