गुलमोहराच्या बुंध्याशी

इरा, निशांत,

मेलबर्नच्या नव्या घरामागे कुठलं झाड लावायचं, असं तुम्ही विचारलंत. नाव सुचवण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या पावसाळ्यात रोज दुपारी साडेबारा वाजले की मी तुमचा फोन मध्येच का ठेवायचे, ते मी तुम्हाला खरं सांगितलं नव्हतं. मी घाबरलेली असायचे.

लग्नानंतर मुलुंडला निघाले, तेव्हा सावंतवाडीच्या स्टँडवर आईने तुपाच्या रिकाम्या डब्यातलं बकुळीचं रोप माझ्या मांडीवर ठेवलं. "हळूहळू वाढतली, पण रवतली. बुडाक माती तेवढी मोकळी ठेव गो." हळू वाढेल पण टिकेल, असं एस.टी. सुटेपर्यंत तिने दोनदा बजावलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. रोप लावायला काय शिकायचंय, असं मला वाटलं.

मला इथली लवकर व्हायचं होतं. बकुळ मागे पंपाच्या खोलीजवळ लावून टाकली आणि फाटकापाशी, सगळ्यांना दिसेल असा, गुलमोहर लावला. चार-पाच वर्षांत तो लाल झाला. सोसायटीत मी 'गुलमोहरवाल्या मॅडम' झाले. मग सेक्रेटरी झाले. चिखल मला खपत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी फाटकापासून मागच्या पंपाच्या खोलीपर्यंत पेव्हर ब्लॉक घालून घेतले. "बाई, बुंध्याभोवती हातभर जागा सोडू का?" कारागिराने विचारलं होतं. मी म्हटलं, नको, ओबडधोबड दिसेल.

गेल्या जूनमध्ये बुंध्याच्या एका बाजूचे ब्लॉक उचललेले दिसले. तुमच्या आजोबांच्या हत्यारांच्या पेटीतला ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, मी बाल्कनीतून खाली सोडला. दोरी आणि बुंधा जुळत होते. जुलैत मध्ये बोटभर फट पडली. ऑगस्टमध्ये तिथे माझा तळवा मावला. आणि झाड कलत होतं ते बरोबर त्या बाजूला, जिथे दुपारच्या शाळेची मुलं बसची वाट बघत उभी राहतात.

कमिटीला झाड कललंय एवढंच सांगितलं. का कललं, ते नाही. तोडायच्या परवानगीचा अर्ज गेला. उत्तर येईपर्यंत मी रोज छत्री घेऊन खाली उतरायचे आणि मुलांना हाकलत मागे बकुळीखाली नेऊन उभं करायचे. मुलं कुरकुरायची. शेजारची शालिनी, जिचा नातू त्यांच्यात असायचा, वरून ओरडायची, "काय गं, वॉचमनची नोकरी धरलीस? पगार तरी नीट देतात ना?" मी हसायचे.

एका मंगळवारी वारा अजिबात नव्हता. आधी ब्लॉक खडखडले, मग फाटक मोडल्याचा आवाज आला. मी बकुळीखालची मुलं मोजली. अकरा. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना शालिनी धावत आली आणि नातवाला घट्ट धरून खाली बसली.

नंतर मी पडलेल्या गुलमोहराजवळ जाऊन पाहिलं. एवढ्या मोठ्या झाडाची मुळं कुंडीतल्यासारखी जागच्या जागी गुंडाळली गेली होती. बाकीचे, मी घालून घेतलेले ब्लॉक अजून एका रांगेत होते.

त्या संध्याकाळी शालिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हाच सांगायचं ना! मी आपली टर उडवत बसले." रागावली होती, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी मात्र बकुळीभोवतीचे ब्लॉक उपटायला तीच पहार घेऊन आली.

म्हणून सांगते, हळू वाढणारं झाड निवडा. घरापासून लांब लावा. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा, कशीही दिसो.

सावंतवाडीचं घर आता दुसऱ्यांचं आहे. आई नाही. घर म्हटलं की मला पंपाच्या खोलीजवळचा तो हातभर मातीचा तुकडा आठवतो. वारा सुटला की अजूनही मी ओळंबा घेऊन खाली जाते. बकुळ सरळ उभी आहे.

— आजी