जपानच्या थंडीसाठी, आईच्या मापाचे

आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात पंखा एकवर ठेवायचा, एवढंच. त्यामुळे गरम कपडे कुणाच्या घरी हौसेने घेतलेले नसतात. कुणीतरी कधीतरी कुठेतरी गेलेलं असतं, म्हणून ते असतात, आणि मग ते त्या एका घराचे राहत नाहीत. कल्याण पूर्वेला आईच्या कॉलनीत असाच एक करडा ओव्हरकोट होता. तो जर्मनीला जाऊन आला होता, नंतर अमेरिकेला, मध्येच मनालीला कुणाच्या तरी हनिमूनला. सध्या कोट कुणाकडे आहे असं विचारलं, की कोण परदेशात आहे ते कळायचं.

आमच्या घरात जपानचं खूळ मुलीने आणलं. ती तेव्हा कॉलेजात होती. मी, बायको आणि मुलगी ठाण्यात, आई कल्याणला, आणि रविवारी दुपारी जेवायला तिच्याकडे, हे अनेक वर्षं चालत आलेलं. जेवणं झाली, खरकटी उचलली, की मुलगी लॅपटॉप आईच्या टीव्हीला जोडायची आणि आम्ही जपानचे रस्ते बघत बसायचो. नकाशात एखादी जागा निवडली की थेट तिथल्या रस्त्यावर उतरता येतं. दोन्ही बाजूंची घरं, दुकानं, सायकली. बाण दाबत पुढे चालायचं. टोकियो, कानाझावा, क्योतो, नारा, ओसाका. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आम्ही धरला होता.

प्रवासाबद्दल मी इथे फारसं लिहिणार नाही. मला आठवतात ते हे रविवारच.

आई गुडघ्यांवर शेकायची पिशवी ठेवून खुर्चीत बसायची. ती महापालिकेच्या इस्पितळात नर्स होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. वॉर्डात उभं राहून राहून गुडघे गेले, पण आवाज वॉर्डातलाच राहिला.

"थांब थांब. मागे घे जरा. त्या गच्चीत काय वाळत घातलंय?"

"मुळे आहेत आजी. थंडीत वाळवतात."

"एवढाले? आणि त्या पाटीवर काय लिहिलंय?"

"मला काय माहीत? जपानीत आहे."

"मग कॉलेजात करतेस काय तू?"

एका रविवारी क्योतोतलं एक छोटं स्टेशन लागलं. तिथे प्लॅटफॉर्मवरच गरम पाण्याचं लांबट कुंड होतं. कोट-मफलर घातलेल्या बायका काठावर ओळीने बसल्या होत्या, पोटऱ्यांपर्यंत पाय पाण्यात सोडून. एकीच्या मांडीवर भाजीची पिशवी होती. आईने गुडघ्यांवरची पिशवी बाजूला ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी आले तर चालेल का रे?"

"तुला नाराचा मोठा बुद्ध बघायचा असेल ना आजी?" मुलीने विचारलं.

"बुद्ध आहे की घरात. मला त्या पाण्यात पाय सोडून बसायचंय."

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू.

डॉक्टरांकडे आई बाहेरच्या बाकावर बसली आणि एक्स-रे घेऊन मी एकटाच आत गेलो. डॉक्टर म्हणाले, "न्या की! गुडघे गरम ठेवा, बसत बसत चालवा, लांब जायचं असेल तर चाकाची खुर्ची घ्या. तिकडे सोय चांगली असते." मी बाहेर आलो आणि आईला सांगितलं, "थंडीत अजिबात नको म्हणाले."

"बरं," आई म्हणाली. आणि रिक्षात बसल्यावर विचारू लागली, तुम्ही तिघं तिकडे खाणार काय.

हे मी आजवर घराबाहेर कुणाला लिहून सोडाच, बोलूनही दाखवलेलं नाही. कारण विचाराल तर मोठं काही नाही. मला त्या गल्ल्यांतून पहाटे भराभर चालायचं होतं. ऑफिस, घर, कल्याण, दवाखाना, परत घर, यात इतकी वर्षं गेली होती. थोडे दिवस मला कुणाचा मुलगा व्हायचं नव्हतं. आत डॉक्टर 'चाकाची खुर्ची' म्हणाले आणि मला आधीच दमल्यासारखं झालं. खोटं मी दरवाजा ढकलता ढकलता ठरवलं. त्याला फार विचारही लागला नाही, हे जास्त वाईट.

मी लहान असताना कॉलनीची जानेवारीतली सहल आईच काढायची. कधी कार्ल्याची लेणी, कधी जुन्नर. एसटी ठरवायची, पहाटे अंधारात निघायचं, आम्हा मुलांना स्वेटर नसायचे म्हणून दोन दोन शर्ट एकावर एक. आणि दरवर्षी आई एखाद्या तरी न चढू शकणाऱ्या माणसाला सोबत घ्यायची. शेजारच्या मावशींची सासू तर कायमची. लोक कुरकुरायचे, म्हातारीला कशाला? आई ऐकायची नाही. पायथ्याशी सावली बघून सतरंजी घालायची, डबे आणि चपला त्यांच्या ताब्यात द्यायची, आणि खाली उतरल्यावर आम्हा प्रत्येकाला त्यांच्यापुढे बसून वर काय पाहिलं ते सांगावं लागायचं. आधीच्याने सांगितलेलं चालायचं नाही. त्यामुळे आम्ही पोरं वर खांब नीट बघून घ्यायचो, हत्तींच्या सोंडा मोजायचो, नाहीतर खाली पंचाईत. परतीच्या गाडीत ती सासू अशी बोलायची, की वाटावं सगळ्यांत आधी तीच वर जाऊन आली.

डॉक्टरांच्या दारातून बाहेर येताना मला हे आठवलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. आठवलं होतं.

त्यानंतरही रविवार चालू राहिले. मला वाटलं होतं आईचा उत्साह जाईल, मग मलाही सोपं होईल. तसं झालं नाही. ती आणखीच बारकाईने बघायला लागली. क्योतोतल्या चढाच्या एका गल्लीत म्हणाली, "इथे धरायला कठडा आहे बघ." पुढे एका देवळापाशी, "इथे बाकडं आहे." मुलगी हसून पुढे जायची. मी मात्र टीव्हीकडे बघणं सोडून आईकडे बघायचो. येणार नाही हे माहीत असूनही ती मनातल्या मनात तिथे चालत होती, बसायच्या जागा हेरत.

दिवाळीच्या आधी एका शनिवारी मी पंखे पुसायला कल्याणला गेलो. स्टुलावर चढलो होतो, तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या. मावशी कोळी, माहेर दिवा गावाकडच्या खाडीकाठचं. हातात बोचकं.

"हे घे गो बाय. सुनेचं हाय, काश्मीरला घातलेलं. तुला बसंल बरोबर. पायमोजे दोन-दोन घाल, काय?"

"ठेव तिथे," आई म्हणाली.

"तिथं सकाळच्याला पण मच्छीच खातात म्हणं."

"मग तूच जा. तुझंच गाव ते."

"मी गेलू तर परत येनार नाय." मावशींनी वर माझ्याकडे पाहिलं. "आयशीला नीट ने रे. तिला मधी कुठं सोरून फोटो काढीत बसशील."

त्या गेल्या. दिवाणावर पाहिलं तर तिथे आधीच ढीग होता. दिवाळीला सगळ्यांचे माळे उपसले जातात, त्यात जे जे गरम निघालं ते इथे आलं होतं. स्वेटर, माकडटोपी, लोकरीचे हातमोजे. आणि तो करडा ओव्हरकोट. माझी बायको उंच, मुलगी काडी. यातलं त्यांच्या मापाचं काहीच नव्हतं. ओव्हरकोटाच्या बाह्या कुणीतरी आतून दुमडून कच्चे टाके घातले होते, आईच्या हाताएवढ्या.

"आई, तू सांगितलं नाहीस यांना?"

"काय?"

"तू येत नाहीयेस ते."

"सांगणारच होते. पण वरच्या मजल्यावरची बाई स्वेटर घेऊन आली, तिने मला घालूनच बघायला लावलंन. मग दुसरी आली. आता प्रत्येकीला डॉक्टरांचं पुराण कुठे लावू? तुम्ही जाऊन आलात की धुऊन देईन ज्याचं त्याला."

"आणि तेवढे दिवस तू?"

"तुझ्या ठाण्याच्या घराची किल्ली दे. तिथे राहीन जाऊन. इथे दिसले नाही म्हणजे झालं." ती हे अगदी सहज म्हणाली. बेत पक्का केलेला होता. वर हसून, "येताना मात्र चॉकलेटं जास्त आणा. मला वाटावी लागतील."

मी स्टुलावरच होतो, हातात काळं झालेलं फडकं.

"डॉक्टर नको म्हणाले नव्हते," मी म्हटलं.

"खाली उतर आधी."

उतरलो.

"काय म्हणाले होते?"

"न्या म्हणाले. लागली तर चाकाची खुर्ची घ्या म्हणाले."

आई स्वेटरची घडी करत होती. ती पूर्ण केली. "ती ढकलायची लाज वाटली?"

"लाज नाही. कंटाळा आला. आधीच."

"माझा?"

मी 'नाही' म्हणू शकलो असतो. "हो," म्हटलं.

"मग तसं सांगायचं. मी नर्स होते रे. कंटाळलेलं माणूस मला दारातून कळतं. मलाही यायचा पेशंटचा कंटाळा, रोज यायचा. पण डॉक्टरांच्या नावावर मी कधी खपवलं नाही." मग स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाली, "एक पातं राहिलंय. पुसून टाक."

मी पुसलं. चहा मिळाला नाही.

ठाण्याला येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मलाही तू तेच सांगितलंस. मी आईंना फोनवर समजावत होते, तब्येत महत्त्वाची म्हणून. काय वाटलं असेल त्यांना? आणि तू शेजारी बसून ऐकत होतास." आईच्या पासपोर्टला वेळ लागणार, म्हणून बायकोनेच लॅपटॉप उघडून तारखा पुढे न्यायला घेतल्या. फेब्रुवारी. मुलगी आतून म्हणाली, "बरंच झालं. वर्षाच्या शेवटी तिथे निम्मं बंद असतं, मी कधीची सांगतेय. बाबा ऐकून घेतात कुठे?"

आई रोज संध्याकाळी फोन करायची. त्या आठवड्यात आला नाही. मी केला तर उचलून "बरी आहे" एवढंच.

रविवारी गेलो. जेवायला वाढलं, आग्रह नेहमीसारखा, फक्त मला सोडून. जेवणं झाल्यावर टीव्ही कुणी लावला नाही.

"आम्ही फेब्रुवारीत जायचं म्हणतोय," मी म्हटलं. "तू चल."

"नको."

"आई..."

"आता तू मला प्रायश्चित्त म्हणून नेशील. पायरी आली की माझं तोंड बघशील. हसून बोलशील सारखा. तसलं मला नको. त्यापेक्षा तुझी किल्ली बरी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी गोड बोलावं असं तिला वाटत असणार. माझ्या तोंडात जे आलं ते मी बोललो. "कंटाळा तर येणारच मला. मधून मधून."

आईने पहिल्यांदा त्या दिवशी माझ्याकडे नीट पाहिलं.

"येऊ दे की. आला की सांग आणि पुढे जा. मला काय बसता येत नाही? बाकडी कुठे कुठे आहेत ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहितीय." मग मुलीला, "अगं, बघत काय बसलीस? लाव तो टीव्ही. ओसाकाचं राहिलंय."

तिने मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पुढचे रविवार मात्र वेगळे होते. आता ती हुकूम सोडायची. टोकियोत इतके दिवस कशाला, एक दिवस कापा. इथलं हॉटेल नको, खाली झोपवतात, मला उठवायला क्रेन लागेल. मुलगी आणि ती भांडायच्या, बायको मध्ये पडायची, मी तारखा खोडायचो आणि परत लिहायचो. ते हिवाळ्यातलं दुपारचं ऊन खिडकीतून टीव्हीवर यायचं आणि क्योतो दिसेनासं व्हायचं. मग कुणीतरी उठून पडदा ओढायचं. एवढीच गोष्ट, पण आज तो पडदा ओढायला मी कुठूनही धावत जाईन.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. मला कंटाळा आला, मी तो सांगितला, आणि पुढे गेलो. दोन-तीनदा तिलाही माझा आला, तिनेही सांगितलं.

त्याआधी डिसेंबरात पासपोर्टसाठी पोलीस चौकशी झाली. मी तेव्हा कल्याणलाच होतो. पोरसवदा हवालदार दारात आला, टोपी काढून खुर्चीच्या कडेवर बसला. आईने लाइट बिल, आधार, सगळं पुढे ठेवलं. तो कागद चाळत होता आणि तिच्याकडे बघत होता. मी आत चहा गाळत होतो.

"आजी, जपान म्हणजे लांब आहे. एकट्याच का?"

"एकटी कशी जाईन? मुलाला घेऊन चाललेय," आई म्हणाली. "त्याला कंटाळा येतो इथे."