बसअण्णांची समुद्राकाठची जमीन

मुरुमच्या माझ्या आडत दुकानात तुरीची आवक घटली की किस्स्यांची वाढते. त्यातला निम्मा माल एकट्या बसअण्णांचा! डाळमिलचे मालक. त्यांनी बाजारभर सांगून टाकलं, "कोकणात समुद्राला लागून जमीन घेतल्याबिगर परत येणार न्हाय!" बाजारानं आधीच हार घातला. आता रिकाम्या हातानं येणार कसं? साक्षीला मला नेलं.

*

पोचलो तेव्हा ओहोटी. अण्णांनी आजवर पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे माकणीचं धरण. गंभीरपणे म्हणाले, "शेठ, पाणी सोडलेलं दिसतंय. कालवा कुठं हाय?"

*

गाईडनं जलदुर्गाचा इतिहास रंगवला. "शत्रूनं वेढा घातला, पण किल्ला पडला नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी धान्यकोठाराच्या भिंतीवरून हात फिरवला.

"लई ओल हाय. तुरीला बुरशी धरंल. शत्रू शहाणा, माल बघून परत गेला!"

*

जमीनमालक तात्यांच्या अंगणात बांगडे वाळत होते. आमचे अण्णा गळ्यात लिंग घालणारे, पक्के शाकाहारी. नाकाला उपरणं लावून म्हणाले, "तात्या, तुरीला ओलीची कटती लावून भाव कमी करतो तशी जमिनीला वासाची लावा!"

*

तात्या म्हणाले, "आदी देवाक कौल लावया." गुरवानं मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली.

"सौदा असा एका बोलीत तुटतो व्हय? परत लावा!"

परत डावी. अण्णा माझ्या कानात म्हणाले, "देव तात्याकडून हाय. भाव वाढवायलाय!"

*

देवाचा नकार असूनही अण्णांच्या हट्टापायी दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन बघितली. तात्यांची वाडी सुरूच्या झाडांपर्यंत. पुढं पाण्यापर्यंत नुसती सपाट, मोकळी वाळू.

"हे पुढचं कुणाचं?"

"ता कोणाचाच नाय."

अण्णांचे डोळे चमकले. धरणाचं पाणी हटलं की आमच्याकडं लोक उघड्या पडलेल्या गाळात पेरतात, तोच हिशेब! वाडी राहिली बाजूला. अण्णांनी वाळूत झावळ्या रोवून कुंपण घातलं, मधोमध खुर्ची टाकून बसले आणि बाजाराच्या ग्रुपवर फोटो टाकला, "घेतली!"

तात्या एवढंच म्हणाले, "जेवून येवा, मगे बघा."

जेवून आलो तर झावळ्या गायब, खुर्ची लाटांवर. फोनवर अभिनंदनं येतच होती. अण्णा गुडघाभर पाण्यात शिरून ओरडले, "माकणीत ज्यांची जमीन बुडाली त्यांना मोबदला तरी मिळाला! हितं अर्ज कुणाकडं करायचा?"

तात्या शांतपणे म्हणाले, "परत कौल लावया?"