सगळ्या डाळी एका फळीवर

सौसरला आईच्या घरी जायचं म्हटलं की आधी मला तिची सामानाची खोली आठवायची आणि बस सुटायच्या आतच डोकं तापायचं. स्वयंपाकघराच्या मागं ही खोली. गव्हाची लोखंडी कोठी, तेलाचे रिकामे पिपे, लोणच्याच्या बरण्या, माळ्यावर वाळवणाचे डब्बे, आणि भिंतीत खिळा दिसला की त्याला पिशवी. त्या पिशवीत आणखी पिशवी, तिच्यात गाठ मारलेली तिसरी पिशवी, आणि एवढं सगळं सोडून निघायचं काय, तर मूठभर जवस, त्यातलंही निम्मं खाली सांडायचं. चहापत्तीच्या डब्यात साखर, साखरेच्या डब्यात मेथीदाणे. मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. पोरांच्या वह्या टेबलावर तिरप्या पडलेल्या मला चालत नाहीत, मग हे कसं चालणार? मी आईला बोलली की तिचं एकच उत्तर, "मले सापडते ना? मंग झालं."

बाबा गेल्यापासून ती एकटीच राहायची. धाकटा भाऊ नागपूरला, फ्लॅटमध्ये. तो दर खेपेला म्हणायचा, चल माझ्यासंगं. आणि दर खेपेला आई म्हणायची, मी आली तर ही खोली कोण पाहीन, कोणाले काय सापडन? रामाकोन्याचं वावर बटईनं, पिकाच्या वाट्यावर दिलेलं आहे, तिथून तूर येते, ज्वारी येते, ती ऊन दाखवून, निवडून भरायची कोणी? भाऊ हसायचा, मी पण हसायची, आणि विषय तिथंच संपायचा.

मागच्या उन्हाळ्यात ती माळ्यावरून कुरडयांचा डब्बा काढायला स्टुलावर चढली. स्टूल सरकलं आणि तिचं मनगट मोडलं. या वेळी भाऊ हसला नाही. पलस्तर निघालं की नागपूर, म्हणाला, आता ऐकणार नाही. आई माझ्याकडं पाहू लागली. तिला जायचं नव्हतं, हे मला कोणी सांगायला पाहिजे होतं का? नागपूरला गेली की तिसऱ्या दिवशी ती सौसरच्या बसचा टाइम विचारते. मग मीच मधात पडली. म्हटलं, तिला कुठं चढावंच लागणार नाही अशी खोली मी लावून देते, सगळं हाताच्या उंचीवर, मग तर राहू देशील? तो म्हणाला, दिवाळीला येतो, पाहतो. म्हणजे खोली नीट झाली तर आई आपल्या घरात राहणार, नाही तर नाही. मला तरी असंच समजलं होतं.

झालं, मी कंबर कसली आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. सुतार रोज उद्या येतो म्हणायचा. पेंटरला मी पिस्ता रंग सांगून आली, तर आईनं माझ्या पाठीमागं त्याला चुना आणायला पाठवलं. चुन्यानं कीड लागत नाही म्हणे. मोबाइलवर पाहून पाहून मी आरपार दिसणारे डब्बे मागवले, तर तिला तेही नको. डाळीले उजेड लागते, आणि येणारा-जाणारा घरात काय आहे न् काय नाही ते पाहून जाते, हे तिचं म्हणणं. मी माळा रिकामा करून राहिली होती आणि ती, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं पिशव्या परत खिळ्यांना लावून राहिली होती. शेवटी मी खिळेच उपटले.

"आता मी कायले लटकवू? तुह्या मुंडक्याले?"

ज्याचं करावं भलं, तो म्हणे माझंच खरं. हे मी तिला ऐकू जाईल असंच म्हटलं. तिनंही ऐकलं, आणि पिशव्यांचं गाठोडं बांधून स्वतःच्या पलंगाखाली सरकवलं.

सगळ्यात मोठा वाद तुरीच्या डाळीवरून झाला. डाळ एका जागी नव्हतीच. थोडी दारामागं, थोडी कोठीच्या आड, थोडी मडक्यात, थोडी एका जुन्या पिप्यात. एकाच डाळीला इतकी घरं कायले, मी विचारलं. ती जमिनीवर बसली आणि सांगू लागली. दारामागची पांढुर्ण्याची, माझ्यासाठी, कारण माझ्या सासूबाईंना बारीक डाळ लागते. कोठीच्या आडची नागपूरची, तिला दोनदा ऊन दाखवलेलं, कारण सून वरचेवर डब्बा उघडून पाहत नाही. मडक्यातली जुनी, शिजायला वेळ लावते पण वरण दाट होते, ती पाहुण्यांची. पिप्यातली भांडे घासणाऱ्या बाईची, तिची पोरगी बाळंतपणाला आली आहे. बरं, हे फक्त डाळीचं. तांदळाचं वेगळं, तिखटाचं वेगळं, वाळवणातल्या सरगुंड्यांचं आणखी वेगळं. माझं डोकं भणभणून गेलं. म्हटलं, आई, बस झालं, डाळ ती डाळ. आणि तिच्यासमोर सगळी डाळ एका मोठ्या डब्यात ओतली, झाकण दाबलं आणि वर चिठ्ठी चिकटवली.

"बरं," ती म्हणाली. मला वाटलं, चला, एकदाचं पटलं.

पण पटलं कुठलं? मी शनिवारी शाळा सुटली की बसनं जायची, रविवारी सगळं लावून यायची, आणि पुढच्या शनिवारी जाऊन पाहावं तर भगरीच्या डब्यात चिंच, चिंचेच्या डब्यात औषधाच्या गोळ्या. पालथ्या घड्यावर पाणी. एका रविवारी माझा पार तोल गेला. भरल्या ताटावरून उठली आणि तिला म्हटलं, "मी हे माझ्यासाठी करून राहिली का? तुला इथं राहता यावं म्हणूनच ना?" ती चपापली. त्यानंतर तिनं माझ्या फळ्यांना हात लावणं सोडलं. काही लागलं तर फोन करायची, धने कुठं ठेवले व? मी म्हणायची, आई, लिहिलं आहे ना त्याच्यावर, वाच.

दिवाळीपर्यंत खोली अशी झाली की शेजारच्या बाया पाहायला आल्या. पिस्ता भिंती, पांढऱ्या फळ्या, नवी ट्यूबलाइट, दाराला मण्यांचं तोरण. माझ्या मुलीनं कोठीच्या वरच्या भिंतीवर संत्र्याची फांदी रंगवली आणि प्रत्येक डब्यावर तिच्या गोल गोल अक्षरात नाव लिहिलं. धान्य, डाळी, कडधान्य, मसाले, उपासाचं, वाळवण. वरपर्यंत हात न्यायची गरज नाही, वाकायची गरज नाही. मी अशी फुगली होती की विचारू नका.

भावानं वाटेत लोधीखेड्यावरून फोन केला, आलोच म्हणून. आल्या आल्या खोलीत गेला. डब्बे काढून पाहिले, फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले. वाहवा सुरू झाली. मग चिवड्याची वाटी हातात घेऊन तो आईसमोर बसला आणि सहज म्हणाला, "आई, आता तर काही टेन्शनच नाही. बटईवाला धान्य आणून टाकत जाईल, ताई येऊन भरत जाईल, सगळं लिहिलेलं आहे. तुझ्यावाचून इथं काही अडत नाही. चल तू आता."

मला आधी समजलंच नाही तो काय म्हणून राहिला ते. समजलं तेव्हा मी त्याच्यावर तुटून पडली. म्हटलं, आपलं काय ठरलं होतं, तिला चढावं लागत नाही ना आता, मग राहू दे. तो खरंच गोंधळला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हेच तर वाईट. उलट मलाच विचारू लागला, की तू ही सोय त्याचसाठी केली ना, तिला मोकळं व्हायला? मी आईकडं पाहिलं. ती दर खेपेला म्हणायची तेच आताही म्हणेल, म्हणून वाट पाहिली. तिनं वाटीतले शेंगदाणे बाजूला काढले, त्याच्या वाटीत टाकले आणि म्हणाली, तुळशीचं लगन झालं की येते.

तो गेल्यावर मी तिच्यावरच उखडली. ती साड्यांच्या घड्या घालून राहिली होती. तुला जायचं नाही ना, मग नाही म्हणायला तोंड नव्हतं का, मी विचारलं.

"काय म्हणू? पहिले मी म्हणत होती, माझ्यावाचून कोणाले काही सापडत नाही. आता लहान लेकरालेही सापडते."

रागानं म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती तर पिन कुठं ठेवली ते सांगावं तशी बोलली, आणि दुसरी साडी घेतली. मला अजून त्या 'बरं'चा राग येतो. त्या दिवशी डाळीच्या वेळी का नाही भांडली? डब्बा ओढून घ्यायचा होता, शिव्या द्यायच्या होत्या, मुंडक्याला लटकवू का म्हणाली तशी. खिळ्यांसाठी भांडली आणि डाळीसाठी गप्प बसली. मी तिला इथं ठेवायला म्हणून सगळं केलं आणि तिला वाटलं, इथं राहायचं असेल तर पोरीचं ऐकलं पाहिजे. आता कोणाला काय म्हणायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

तुळशीचं लग्न झालं आणि ती गेली. नागपूरला ती बसचा टाइम विचारत नाही, असं भाऊ आनंदानं सांगतो. मी मात्र शनिवारी जमेल तसं सौसरला जाते, कुलूप काढते, खिडक्या उघडते, डब्यांत कीड लागली का पाहते. खोली जशी लावली तशी आहे. मग झाडू घेऊन आत जाते, तर खाली एक दाणा सांडलेला नसतो.