अप्पांची पुडी

अप्पा गोळ्या कधी पाकिटासकट देत नसत. कात्रीने पाकीट कापून गोळ्या मोकळ्या करायचे आणि पेपरच्या कागदात त्यांची पुडी बांधायचे. तरुणपणी ते बीडला कंपाउंडर होते, पुढे उमापुरात स्वतःचाच दवाखाना थाटला. औषधाचं नाव विचारलं की हसून म्हणत, "तुला गुण पायजे का नाव?" आम्हाला गुण हवा होता.

अप्पांच्या हाताला गुण आहे, अशी आईची ठाम श्रद्धा. साधी सर्दी झाली तरी पुडी. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या ती पिठाच्या डब्यावर ठेवायची आणि पुढच्या दुखण्याला त्याच घ्यायची. अप्पांना हे ठाऊक होतं. "वहिनी लई काटकसरी हाय," म्हणून कौतुकच करायचे. मीही हसायचो, खोटं कशाला सांगू.

गेल्या वर्षी आईला लघवीचा जंतुसंसर्ग झाला. पुडीने दोनदा उतार पडला, तिसऱ्यांदा पडला नाही. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. जंतू जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. त्या म्हणाल्या, "अर्धवट औषधानं दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. मग त्यांचीच पिलावळ वाढते. आधी काय काय घेतलंय, त्याची नावं आणा."

मी उमापूर गाठलं. अप्पा ओसरीवर होते, मांडीवर तापलेला नातू. सून गोळी मागत होती. अप्पा तिला समजावत होते, "सर्दीचा ताप हाय, त्याला गोळी लागत न्हाई. त्याच्या आंगाला भांडू दे. उगा गोळ्या घातल्या तर खऱ्या दुखण्याला लागू पडत न्हाईत."

म्हणजे हा माणूस सगळं जाणून होता.

"मग आमच्या मायला कावून दिल्या, अप्पा?"

ते नातवाचं कपाळ पुसत राहिले. "तुमाला दुपारपस्तोर उतार पायजे असतो. मी न्हाई दिली तर तुमी दुसऱ्याच्या दारात जाताव."

"निदान नावं तरी सांगा."

"नावं सांगितली तर उद्या मला आत घालतील, बाबा."

परक्याने फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. यांनी केसाने गळा कापला.

संसर्ग रक्तात पसरला आणि आठव्या दिवशी आई गेली. अप्पा आले, तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं, हे मी ओळखलं. मग घरातल्या माणसासारखा तांब्या उचलून ते तिच्या तोंडात पाणी घालायला वाकले. मी त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.